आषाढातली साल, पौषातली साल: कुड्याच्या अर्काचे दोन निकाल

अंत्रुजवासी (धागाकर्ती), १० फेब्रुवारी
नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गेल्या जुलैमध्ये पदव्युत्तर वर्गातल्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी पांढऱ्या कुड्याची साल निवडली. आपल्याकडे कितीतरी घरांत जुलाबावर कुड्याचा काढा देतात, तेव्हा सालीच्या अर्काने रोगजंतूंची वाढ थांबते का, एवढेच पाहायचे होते. साल सावलीत वाळवली, दळली, मिथेनॉलमध्ये ४८ तास भिजवली, अर्क आटवून डीएमएसओ या द्रावकात विरघळवला आणि अगार वेल पद्धतीने तपासला, म्हणजे जंतू पसरलेल्या अगारच्या थरात छोटा खड्डा (वेल) करून त्यात अर्क घातला; अर्काने वाढ रोखली तर खड्ड्याभोवती जंतू नसलेले वर्तुळ दिसते. ई. कोलायवर काही परिणाम दिसला नाही, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या प्लेटवर १९ मिलिमीटर व्यासाचे स्वच्छ वर्तुळ उमटले. मुलींना फार आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर मलाही.

जानेवारीत पडताळणीसाठी पुन्हा साल आणली. कृती तीच, जंतूंचे वाण तेच, पण या वेळी वर्तुळ नाही. वेलच्या कडेला मिलिमीटरभर धूसर पट्टा, बस्स. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘चांगला निकाल तेवढा प्रबंधात लिहा, दुसरा सोडून द्या’ असा सल्ला दिला आहे. तो मला पटत नाही, पण मुलींना काय सांगावे हेही सुचत नाही. या दोन निकालांपैकी कुड्याचा खरा निकाल कोणता मानायचा?

रानवाट_सत्तरी
ताई, आधी झाडाची खात्री करून घ्या. बाजारातल्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळलेली सापडते. दोन्ही झाडांना पांढरा चीक येतो, दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबतात आणि दोघांच्या बियांना इंद्रजवच म्हणतात, फक्त एक कडू आणि दुसरे गोड. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके बराच काळ जुळलेली राहतात. जानेवारीत पाने पिवळी पडून गळू लागलेली असतात, त्यामुळे नुसत्या खोडावरून ओळखायला गेलेला जाणकारही चुकू शकतो. कोनेसिन हे ज्या अल्कलॉइडचे नाव कुड्याशी जोडले गेले आहे, ते पांढऱ्या कुड्याचे. साल काळ्याची आली असेल तर तुमचे दोन निकाल दोन वेगळ्या झाडांचे आहेत, आणि मग तुलनेचा प्रश्नच उरत नाही.

अंत्रुजवासी
झाड एकच आहे. एका सहकाऱ्यांच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) बांधावर ते उभे आहे आणि पहिल्याच दिवशी आम्ही खोडाला रंगाची खूण केली होती. जुलैमध्ये उशिराची फुले होती, तेव्हा फांदी दाबून वनस्पतिशास्त्र विभागात नमुना ठेवला आहे. शेंगा सुट्या आहेत. ही शंका मनात आली होती म्हणूनच एवढी काळजी घेतली, तरी तुम्ही विचारलेत हे बरे झाले.

तबकडी
मी पंधरा वर्षे अशाच प्लेटा पाहत आलो आहे, म्हणून थोडे कठोर लिहितो. राग मानू नये.

अर्क किती दिला होता? बहुतेक ठिकाणी मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे द्रावण करून वेलमध्ये ५० मायक्रोलिटर घालतात. म्हणजे एका वेलमध्ये ५ मिलिग्रॅम अर्क जातो. शेजारी तुलनेला ठेवलेल्या अँपिसिलिनच्या चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असते. आपण पाचशेपट माल घालून मग वर्तुळाची रुंदी मिरवतो. इतक्या मात्रेत नुसते टॅनिनसुद्धा प्रथिनांना चिकटून जंतूंची वाढ रोखू शकते, आणि टॅनिन तर निम्म्या झाडांच्या सालीत असते. शिवाय वर्तुळाचा व्यास अर्काच्या ताकदीइतकाच त्याच्या अगारमध्ये पसरण्याच्या वेगावर अवलंबून असतो. मोठा, पाण्यात न मिसळणारा रेणू कितीही प्रभावी असला तरी वेलच्या काठाशीच अडकून पडतो. त्यामुळे दोन अर्कांची तुलना व्यासावर करू नये. द्रव माध्यमात मात्रा निम्मी निम्मी करत जाऊन वाढ थांबवणारी किमान मात्रा काढावी. कच्च्या अर्काची ही मात्रा मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर पुढे काम करण्यात अर्थ आहे, आणि मिलिग्रॅमच्या वर गेली तर तिथेच थांबावे, असा या क्षेत्रातला एक प्रचलित दंडक आहे.

डीएमएसओचा स्वतंत्र वेल ठेवला होता का?

अंत्रुजवासी
हो, ठेवला होता आणि त्याभोवती वर्तुळ उमटले नाही. मात्रेचा तुमचा अंदाज तंतोतंत बरोबर आहे, ५ मिलिग्रॅमच. किमान मात्रेची चाचणी केली नव्हती. ती आता लावते.

वैद्य_पेडणे
चाचणीच्या बारकाव्यांत मला गती नाही, पण प्रश्नाच्या मुळाशीच मला अडचण दिसते. कुटज, म्हणजे कुडा, आम्ही देतो तो ग्राही आणि दीपन म्हणून. अतिसारात तो मलाची प्रवृत्ती आवरतो आणि अग्नी सावरतो. त्याने स्टॅफिलोकॉकस मरावा अशी अपेक्षा कोणत्याही ग्रंथाने केलेली नाही. प्लेटवर वर्तुळ उमटले नाही म्हणून औषध निकामी ठरवणे हा औषधावर अन्याय आहे, आणि उमटले म्हणून परंपरा सिद्ध झाली असे म्हणणे हा परंपरेवर अन्याय आहे.

दुसरे असे की आम्ही मिथेनॉलचा अर्क कोणाला पाजत नाही. पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवलेला काढा, त्याला आटवून केलेला घन, किंवा अरिष्ट (आंबवून केलेले औषध), अशा स्वरूपांत कुटज वापरला जातो. पाणी जे काढून आणते तेच मिथेनॉल आणत नाही.

वेर्णा_शिफ्ट
वैद्यबुवांच्या पहिल्या मुद्द्याला आधुनिक औषधशास्त्रातूनच पाठिंबा मिळतो. दक्षिण अमेरिकेतल्या एका क्रोटॉन वृक्षाच्या लाल चिकापासून केलेले क्रोफेलेमर हे औषध अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मंजूर झाले. एचआयव्हीच्या औषधोपचारावर असलेल्या रुग्णांच्या जुलाबावर ते देतात. जंतू मारून ते काम करत नाही. आतड्याच्या पेशींतून क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या दोन वाहिन्या ते अडवते, क्लोराइडमागे जाणारे पाणी थांबते आणि जुलाब कमी होतात. त्या चिकाची परीक्षा कोणी केवळ अगार प्लेटवर केली असती, तर मूळ काम कधीच लक्षात आले नसते.

तबकडी
हे मान्य, पण मग प्रबंधाचा प्रश्नही तसाच विचारावा. ‘जंतू मरतात का’ असे विचारून उत्तर नकारार्थी आले की ‘औषध तसे काम करतच नाही’ म्हणायचे, हे मला पटत नाही. नकारार्थी उत्तर हेही उत्तरच असते आणि ते लिहिले गेले पाहिजे. कोनेसिनबद्दलच एक उदाहरण देतो. ते स्वतः स्यूडोमोनास या जिवाणूला फारसे मारत नाही, पण प्रतिजैविक पेशीबाहेर फेकणारे पंप ते अडवते आणि त्यामुळे दुसऱ्या प्रतिजैविकाचा परिणाम वाढतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. हे कळले ते कोनेसिन एकट्याने कमी पडते हे कोणीतरी प्रामाणिकपणे नोंदवले म्हणून.

दिवाडकर
थोडी स्थानिक माहिती जोडतो. गार्सिया द ऑर्ताचा औषधी द्रव्यांवरचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये आपल्या गोव्यातच छापला गेला. त्यात आमांशावरच्या एका मलबारी झाडाचे प्रकरण आहे, आणि ते झाड म्हणजे कुडाच असावा असे पुढच्या अभ्यासकांनी ठरवले. परक्या देशातून आलेला वैद्य इथल्या वैद्यांना विचारून ही साल वापरायला शिकला, असे त्यातून दिसते. पुढे विसाव्या शतकात कलकत्त्यात कुड्याच्या अल्कलॉइडांपासून केलेले बिस्मथ आयोडाइडचे संयुग अमीबाजन्य आमांशावर बरेच वापरात होते. अमीबा हा जिवाणू नव्हे. तेव्हा तुमच्या मुलींनी निवडलेला शत्रूच वेगळा आहे की काय, असे मला वाटते.

काणकोणची_माई
मी शास्त्र शिकलेली नाही. मुलगा हा धागा वाचून दाखवतो आणि मी सांगते ते लिहून घेतो.

आमच्या घरात कुड्याची साल पावसात कधी काढली नाही. सासूबाई पुरुमेंताच्या गडबडीतच, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, ती काढून ठेवत. पावसात साल पाण्याने फुगलेली असते आणि सुकेपर्यंत तिला बुरशी धरते, असे त्या सांगायच्या. साल काढतानाही खोडाला गोल वेढा घालून कधी सोलायची नाही, एका बाजूची उभी पट्टी घ्यायची, नाहीतर झाड मरते. काढलेली साल चुलीच्या वरच्या माळ्यावर धुरात ठेवायची. ती मोडताना कट्कन आवाज आला तरच डब्यात जायची. वाकली तर पुन्हा माळ्यावर. तुम्ही जुलैमध्ये साल कुठे सुकवलीत, बाई?

रानवाट_सत्तरी
माईंचा प्रश्न मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवा होता. मी झाड पाहत बसलो आणि वाळवण विसरलो.

तबकडी
माईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. धागाकर्तींनी प्रयोगवहीतून तीन गोष्टी पाहाव्यात: जुलैची साल किती दिवस वाळत होती, कोणत्या जागी होती, आणि दळताना तिच्यातले पाण्याचे प्रमाण मोजले होते का. गोव्यातल्या आषाढात व्हरांड्यातली ‘सावलीतली वाळवण’ म्हणजे बुरशीला घातलेले आवतण असते. जुलैची उरलेली पूड असेल तर तिचे पातळ द्रावण पोटॅटो डेक्स्ट्रोज अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या माध्यमावर, पसरा आणि जानेवारीची पूडही तशीच शेजारी ठेवा. स्टॅफिलोकॉकसवर स्वच्छ, तीक्ष्ण कडेचे वर्तुळ आणि ई. कोलायवर काहीच नाही, हे चित्र पाहिले की मला तरी टॅनिनपेक्षा बुरशी आठवते.

विद्यार्थी_म्हापसा
एक शंका. वर्तुळ बुरशीमुळे आले असेल, तर ती बुरशीच उपयुक्त नाही का ठरणार? पेनिसिलिनही तसेच सापडले. मग हा प्रकल्प फसला असे का म्हणायचे?

तबकडी
फसला असे मी म्हणणार नाही, कारण चुकून शिरलेल्या किंवा कोणी ढुंकून न पाहिलेल्या जागी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपल्याला फार मोठी औषधे दिली आहेत. सेफॅलोस्पोरिन गटातल्या प्रतिजैविकांची मूळ बुरशी ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना सार्डिनियात सांडपाणी समुद्राला मिळते त्या ठिकाणी सापडली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळाले आणि त्या जातीला पिंपरीचेच नाव दिले गेले.

पण दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पॅट्युलिन हे बुरशीचे द्रव्य १९४० च्या दशकात प्रतिजैविक म्हणून पुढे आले आणि सर्दीवर माणसांत तपासलेही गेले. आज तेच सफरचंदाच्या रसातले विष म्हणून मोजले जाते. सिट्रिनिनची गोष्टही तशीच. जंतू मारते आणि मूत्रपिंडेही बिघडवते. प्लेटवरचे वर्तुळ ‘हे द्रव्य जंतूला घातक आहे’ एवढेच सांगते, आणि रुग्णाला ते काय करेल याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

रानवाट_सत्तरी
झाडाचे म्हणून ओळखले जाणारे द्रव्य आणि झाडात राहणारी बुरशी यांचा गुंता घाटातल्या आणखी एका झाडाबाबतही आहे, म्हणून लिहितो. नरक्या, ज्याला अमृता असेही म्हणतात, त्याच्या खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचे मूळ द्रव्य असते. ते मुळात एका चिनी वृक्षातून १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळे केले. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नरक्यातही सापडले आणि त्यानंतर घाटातली नरक्याची झाडे इतकी तोडली गेली की ते झाड धोक्यात आले. मग २००५ च्या सुमारास नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतंत्रपणे हेच द्रव्य बनवते असे प्रसिद्ध झाले आणि झाडे वाचणार या कल्पनेने माझ्यासारख्यांना फार आशा वाटली. पुढे अशा बुरशींबाबत वारंवार अनुभव आला तो असा की प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवल्या की त्यांचे उत्पादन घटत जाते आणि शेवटी मोजण्याइतकेही उरत नाही. झाडाच्या आत तिला काय मिळते, ते आपल्याला बाहेर देता येत नाही. ही आशा अजून मी सोडलेली नाही, पण ‘बुरशी सापडली’ आणि ‘औषध सापडले’ यांच्यामधले अंतर मी स्वतः पाहिले आहे.

वैद्य_पेडणे
सूक्ष्मजीवांचा विषय निघालाच आहे तर अरिष्टाबद्दल लिहितो, कारण तिथे सूक्ष्मजीव हा भेसळीचा नव्हे, कृतीचाच भाग आहे. कुटजारिष्टात कुड्याची साल, मनुका, मोहाची फुले आणि शिवणीची साल यांचा काढा करतात. तो निवल्यावर गूळ आणि धायटीची फुले घालून भांड्याचे तोंड बंद करून ठेवतात. धायटीच्या फुलांबरोबर यीस्ट आत जाते, गुळावर वाढते, आणि त्यातून आपोआप तयार झालेला मद्यांश औषध टिकवतो आणि पाण्यात न उतरणारी काही द्रव्येही सालीतून ओढून घेतो. भांड्याला कान लावला की आतला बुडबुड्यांचा आवाज थांबलेला कळतो, आणि जळती काडी आत धरल्यावर विझली नाही की संधान (आंबण्याची क्रिया) पूर्ण झाले असे आम्ही मानतो. तुमच्या मुलींनी मिथेनॉलच्या अर्काबरोबर काढा आणि अरिष्ट हेही तपासावे, अशी माझी विनंती आहे.

वेर्णा_शिफ्ट
काडी विझते ती कार्बन डायऑक्साइडमुळे, म्हणजे वैद्यबुवांची परीक्षा अगदी बरोबर आहे. फक्त धायटीवरचे यीस्ट प्रत्येक हंगामात तेच असेल याची हमी नाही, त्यामुळे कारखान्यात मद्यांश आणि आम्लता प्रत्येक घाण्याला मोजावी लागते.

माझे काम गोळ्या बनवण्याचे आहे आणि वाळवणीचा प्रश्न आमच्याकडे रोज उभा असतो. काढ्यासाठी २० ग्रॅम साल घेतली आणि तिचा १५ टक्के कोरडा अर्क निघाला असे धरले, तर ३ ग्रॅम अर्क झाला. अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्या. हा अर्क हवेतले पाणी शोषून घेतो. पावसाळ्यात आर्द्रतेवर नियंत्रण नसलेल्या खोलीत तो तासाभरात गुळासारखा होतो आणि यंत्राच्या पंचला चिकटतो. कुटजघनवटीत अतिविष या वनस्पतीचे चूर्ण का घालतात, याचे औषधी कारण वैद्यबुवा सांगतील. मला मात्र त्यात घनाचा चिकटपणा मोडणारे कोरडे चूर्णही दिसते. तयार गोळी ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासतात. आमच्याकडे येणाऱ्या सालीत यीस्ट आणि बुरशी मिळून ग्रॅमला १,००० पेशीसमूहांपेक्षा (प्लेटवर उगवणाऱ्या वसाहतींपेक्षा) जास्त चालत नाहीत. त्याहून जास्त आढळले की ती साल परत जाते, मग तिच्या अर्काने प्लेटवर काहीही चमत्कार दाखवला तरी.

पर्वरीवाला
दोन ओळी कायद्याच्या बाजूने. भारतीय विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी असे संशोधन करायला अडचण नाही, पण यातून पेटंट घ्यायचे झाले तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागेल. तारखेसह लिहिलेली प्रयोगवही आणि विभागात ठेवलेला दाबलेला नमुना तेव्हा उपयोगी पडेल. हळदीने जखम भरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले आणि १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुने छापील पुरावे हाताशी होते म्हणून. त्या लढ्याच्या वेळी सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) प्रमुख असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्या माशेलचे, हे गोव्यातल्या विद्यार्थिनींना आवर्जून सांगावे असे मला वाटते.

अंत्रुजवासी, २६ फेब्रुवारी
सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे उत्तर दिले नाही, कारण तबकडी आणि माई यांनी सांगितलेले करून पाहत होतो.

वहीत नोंद सापडली. जुलैची साल प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात नऊ दिवस होती आणि त्यातले सहा दिवस पावसाचे होते. पाण्याचे प्रमाण मोजले नव्हते. जानेवारीची साल तीन दिवसांत कडक झाली होती. जुलैची थोडी पूड बरणीत शिल्लक होती. ती अगारवर पसरल्यावर पाचव्या दिवशी प्लेट हिरव्या मखमलीने भरली; हिशेब केला तर ग्रॅमला सुमारे ४०,००० पेशीसमूह. जानेवारीच्या पुडीत शंभरही नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या बुरशीचे कुंचल्यासारखे फाटे स्पष्ट दिसतात, म्हणजे ती पेनिसिलियमच्या कुळातली दिसते. जात ठरवण्यासाठी नमुना पाठवला आहे.

त्यानंतर मुलींनी स्वतःहून एक प्रयोग सुचवला आणि मला त्याचा अभिमान वाटतो. जानेवारीची साल ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून तिचे दोन भाग केले. एका भागावर ही बुरशी वाढू दिली, दुसरा ओला पण निर्जंतुक ठेवला. दोन्हींचे अर्क एकाच पद्धतीने काढले. बुरशीच्या भागाला १४ मिलिमीटरचे वर्तुळ मिळाले आणि दुसऱ्याला काहीच नाही. जानेवारीच्या अर्काची किमान मात्राही काढली. मिलिलिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत वाढ थांबत नाही.

दोन्ही निकाल प्रबंधात जाणार आहेत, वाळवणीच्या नोंदीसह, आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी तसे सांगितले आहे. ऋतूचा परिणाम अजून वेगळा काढता आलेला नाही. त्यासाठी येत्या जुलैमध्ये त्याच झाडाची साल घेऊन अर्धी ४० अंशांच्या ओव्हनमध्ये आणि अर्धी व्हरांड्यात वाळवावी लागेल. वैद्यबुवांच्या सूचनेप्रमाणे काढाही तेव्हा तपासू.

माई, तुमच्याकडे माळ्यावरची जुनी साल असेल तर मूठभर मिळेल का? धुरात वाळलेल्या सालीत बुरशी किती असते हे मोजायचे आहे.

काणकोणची_माई
गेल्या एप्रिलची आहे. मोडून पाहिली, कट्कन तुटते. मुलगा सोमवारी फोंड्याला येणार आहे, त्याच्याकडे कागदात बांधून देते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घाम धरते.

तबकडी
माईंच्या सालीचे आकडे आले की इथेच लिहा. आणि माळ्यावरच्या सालीबरोबर त्याच झाडाची, पण धुराशिवाय उन्हात वाळवलेली सालही घ्या, नाहीतर बुरशी धुराने रोखली की कोरडेपणाने, हे कळणार नाही.

काणकोणची_माई
ते झाड अजून परसात आहे. उन्हातली यंदा काढून ठेवते.